गरुड एक बोलून राहिला

भिलाईच्या स्मृती नगरातली ती खोली मला मिळाली ती माझ्या आवाजावर.

भाड्यानं खोली बघायला गेलं की लोक काय काय विचारतात, ते मला तोवर पाठ झालं होतं. एकटी मुलगी, नाशिकची, नोकरी हथखोजच्या नट-बोल्टच्या कारखान्यात. म्हणजे खाणंपिणं काय, येणार किती वाजता, भेटायला कोण येणार. मी उत्तरं तयार ठेवूनच फाटक उघडलं. समोर उभे असलेले गृहस्थ साठीच्या पुढचे होते. अंगात बंडी, बंडीच्या खिशाला टेस्टर अडकवलेला. त्यांनी मला नावसुद्धा विचारलं नाही. गच्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "वरते जाय. टाकीपाशी उभी राह्य आन् एक ते दहा मोज. जोरात नाही बोलाचं. क्लिअर बोलाचं."

मी वर गेले. उन्हात उभं राहून मोजलं.

"सात पुन्हा!" खालून आवाज आला.

"सात!"

"आठ?"

"आठ!"

"पोरीचा ठ सही आहे," ते आत कोणाला तरी म्हणाले.

आतून एका बाईंचा आवाज आला, "अवो, तिले पानी तं विचा..."

"पानी देऊनच राहिलो न!" त्यांनी ते वाक्य मधेच तोडलं, आणि खोली मला मिळाली. पाणी मला मिळालं नाही.

काका म्हणजे हे आमचे घरमालक. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टेलिकॉम विभागातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म फोनच्या तारा आणि इंजिन ड्रायव्हरांचे वॉकीटॉकी दुरुस्त करण्यात गेला. आपलं बोलणं समोरच्यापर्यंत पोचलं की नाही, या एकाच काळजीवर त्यांचा सगळा संसार उभा होता. दोन हातांवर बसलेल्या माणसालाही ते मधूनच विचारत, "आवाज येऊन राहिला न?" चहाला साडेपाच वाजता कधी बोलवत नसत, सतराशे तीसला बोलवत. गॅसच्या एजन्सीला पत्ता सांगायचा तर एकेक अक्षर फोडून सांगत. "स, सायरनचा. म, मोटरचा. त्याच्या खाली ऋ. ऋ... ऋ कशाचा? थांबा मॅडम, फोन ठेवू नका." मग फोनवर हात ठेवून घरभर "ऋ कशाचा?" म्हणत फिरत. मी "ऋतूचा" म्हटलं तर म्हणाले, "ऋतू आईकताना रुतू येते. गडबड होते." त्या दिवशी सिलिंडर आला नाही.

आणि ते कोणालाही वाक्य पुरं करू देत नसत. यात दुष्टावा अजिबात नव्हता. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी मनापासून सांगितलं, "लाइन कवा कटन त्याचा भरोसा नाही बेटा. म्हून पयले आपलं बोलून घ्याचं."

याचा सगळा जाच काकूंना. काकू सेक्टर दोनच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. बावीस वर्षं सायकलवरून शाळेत गेल्या. त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं की अख्खा वर्ग बसायचा, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगत. घरी मात्र त्या बोलायला तोंड उघडत आणि उरलेलं वाक्य काका पुरं करून टाकत, तेही चुकीचं.

घरात एक गाडी होती. पांढरी, छोटी. निवृत्त झाल्यावर काकूंनी स्वतःच्या पैशानं घेतलेली आणि त्यांच्याच नावावर असलेली. चालवायचे काका.

शेजारच्या सरदारजींचा मुलगा कॅनडात ट्रक चालवायचा. एकदा सुटीवर येताना त्यानं ट्रकमधले दोन जुने रेडिओ संच आणले आणि काकांना देऊन टाकले. सीबी म्हणतात त्याला. फोनसारखा नंबर लावायचा नाही. हातातल्या माईकचं बटण दाबायचं आणि बोलायचं, बटण सोडायचं आणि ऐकायचं. आसपासच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये ज्याच्याकडे असा संच असेल त्याला ते ऐकू जातं. तिकडे लांबच्या रस्त्यांवर ट्रकवाले यावरून एकमेकांशी गप्पा मारतात.

काकांनी ते संच मांडीवर घेतले तेव्हा त्यांचा चेहरा नातवंड पहिल्यांदा हातात घेतलेल्या माणसासारखा झाला होता.

"पण काका, मोबाईल आहे की," मी म्हटलं.

"मोबाईलवर ज्याचा नंबर आहे त्याच्याशीच बोलता येते. याच्यावर कोनाशीबी बोलता येते."

"कोणाशी बोलणार?"

"तेच तं पाह्याचं आहे न!"

एक संच गाडीत बसवायचं ठरलं. काकू एका रविवारी सकाळी सेक्टर दोनला मैत्रिणीकडे गेल्या, त्या फाटकाबाहेर पडल्याबरोबर काकांनी मला हाक मारली. पोर्चमध्ये सगळा सरंजाम मांडलेला होता. संच, वायरी, फ्यूज, ड्रिल मशीन आणि माझ्या उंचीएवढी अँटेना. मी खोक्यावरचं वाचलं.

"काका, हिला खाली लोहचुंबक आहे. छतावर नुसती ठेवली की चिकटते."

"चिकटते. पाहुन्यासारखी चिकटते. आपल्याले घरचा मानूस पाहिजे. छताच्या बरोब्बर मधात भोक, चारी बाजूनं सारखा पत्रा, तवा कुठं सिग्नल गोल जाते."

त्यांनी छतावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन सुतळ्या ताणल्या, जिथे एकमेकींना छेदल्या तिथे खडूनं फुली मारली. मग मला गाडीत बसवलं. छताच्या आतलं करडं अस्तर खालून तळहातानं दाबून धरायचं, एवढंच माझं काम. ते स्टुलावर चढले आणि ड्रिल सुरू झालं. सगळं छत ताशासारखं वाजायला लागलं. माझे दातही त्यात सामील झाले. मग डोक्यापासून वीतभर अंतरावर ड्रिलची पिन बाहेर आली, आणि आल्या आल्या तिनं अस्तर पकडलं. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत ताणून बसवलेलं ते कापड सरसर निघालं आणि जिलेबीसारखं पिनेभोवती गुंडाळलं जायला लागलं. मी सीटवरून घसरत जवळजवळ पायाखाली जाऊन बसले.

"काका, बंद करा! बंद करा!"

"काय म्हनली?" वरून आवाज आला. "क्लिअर बोल!"

काकू परत आल्या तेव्हा ड्रिलला करड्या कापडाचा फेटा बांधलेला होता आणि काका एका डोळ्यानं छताच्या भोकातून आत बघत होते. काकू गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. आधी कापडाकडे, मग माझ्याकडे, शेवटी भोकाकडे बघितलं.

"हे माह्या गाडीले..."

"भोक नाही त्याले म्हनत! माउंट म्हन्तेत!" काका म्हणाले. "आन् अस्तर तसंबी जुनंच..."

काकूंनी तोंड मिटलं आणि आत गेल्या. ते तोंड काकांसाठी एकोणीस दिवस उघडलं नाही. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. "त्याईले सांग, जेवन वाढलं." "त्याईले सांग, तुमचा टेस्टर फ्रिजमधी सापडला." काका समोरच बसलेले असत. मला मात्र सांगावं लागे, कारण मी सांगितल्याशिवाय ते उठत नसत. "मेसेज आला नाही तं मानूस कसा निंगन?"

काकांना त्या अबोल्याचं वाईट वाटत होतं, पण त्यांच्याकडे काम होतं. बॅटरीपासून थेट वायर ओढायची होती. मग गाडीचा ॲक्सिलेटर दाबला की स्पीकरमधून कुत्र्याच्या पिल्लासारखा कुंईऽऽ आवाज यायला लागला, तो घालवायचा होता. अँटेना मीटर लावून जुळवायची होती. तिचं वरचं टोक ते तान्ह्या बाळाची नखं काढावीत तसं केसभर कापत आणि मीटर बघत. असे तीन दिवस. सगळं झाल्यावर अँटेना इतकी उंच उरली की गाडी पोर्चमध्ये शिरताना दर वेळी स्लॅबवर आपटायची. टण्ण असा आवाज आला की कॉलनीला कळायचं, काका आले.

चौकात हवालदारानं त्यांना पहिल्याच दिवशी अडवलं. "ये क्या लगा रखा है?" रेडिओलहरींच्या या पट्ट्यावर कमी ताकदीचा संच वापरायला परवाना लागत नाही, याचं सरकारी पत्रक काकांनी लॅमिनेट करून ठेवलं होतं. ते त्यांनी हवालदाराला पहिल्या परिच्छेदापासून वाचून दाखवलं. मधे त्याला काही विचारायचं होतं, पण संधी मिळाली नाही. दुसऱ्या दिवसापासून काकांची गाडी दिसली की तो दुसऱ्या बाजूच्या वाहतुकीकडे लक्ष देऊ लागला.

संच उत्तम चालू होता. अडचण एकच. भिलाईत दुसऱ्या कोणाकडे तो नव्हता.

काका रोज गाडी घेऊन निघत. कधी सेक्टर दोन, कधी पार हथखोज. गाडी बाजूला लावून माईक उचलत आणि रेडिओसाठी स्वतःच ठेवलेल्या नावानं हाक देत. "गरुड एक बोलून राहिला. गरुड एक. कोनी आहे काय?" मग बटण सोडून खरखर ऐकत बसत. मला कधी कारखान्यापर्यंत सोडत तेव्हा मी बघायची. तोंडावर निराशा नावाला नसे. "सिग्नल एकदम क्लिअर आहे," म्हणत. "मानूसच नाही फक्त."

एका दुपारी मात्र खरखरीतून एक बारीक आवाज आला. कुठल्या भाषेत कोण जाणे, दोन-चार शब्द, आणि गेला. अशा लहरी कधी कधी आभाळावर आपटून हजारो मैलांवर उतरतात म्हणे. काका गाडीतून उतरून ताठ उभे राहिले आणि माईकमध्ये म्हणाले, "नमस्ते. भिलाई." संध्याकाळी कॉलनीत पेढे वाटले.

"कोण होतं काका?"

"रशियन असन."

"कशावरून?"

"आपला कारखाना त्याईनंच तं उभा करून देल्ला होता. ओळख ठेवून आहेत बिचारे."

दुसरा संच त्यांनी घरी बसवला. गच्चीवर अँटेना आणि संच सैपाकघरात, मिक्सरच्या शेजारी. त्याच्यावर पट्टी चिकटवली, "घरटं". गाडी म्हणजे गरुड, म्हणून घर म्हणजे घरटं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवरचं "घरटं" लाल शाईनं खोडलेलं होतं आणि वर मुख्याध्यापिकेच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, "मुख्यालय". काका बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिले. एकोणीस दिवसांत काकूंनी त्यांना उद्देशून काढलेला तो पहिला शब्द होता.

त्याच दिवशी, माझ्या सुटीच्या शनिवारी, मी सैपाकघरात काकूंजवळ बसले होते. काकू कणीक भिजवत होत्या. संच खरखरला.

"मुख्यालय, मुख्यालय, गरुड एक. सेक्टर दोनच्या बाजारात आहो. भाजी कोनती आनाची? ओव्हर."

काकू ढिम्म. अर्ध्या मिनिटानं पुन्हा तेच. मग पुन्हा. सहाव्या वेळी मी माईककडे हात नेला.

"थांब," काकू म्हणाल्या. हात पदराला पुसले, माईक उचलला आणि बटण दाबलं. "मेथी आना. आन् मागच्या वक्ताले आनली तशी पिवळी पाह्यली तं मी..."

इथे त्या सवयीनं थांबल्या. वाक्य तुटण्याची वाट बघत. काहीच झालं नाही. बटण अजून दाबलेलंच होतं. त्यांनी बटणाकडे बघितलं, मग ते सोडलं. लगेच काकांचा आवाज धबधब्यासारखा आला. काकूंनी बटण परत दाबलं. आवाज बंद.

"हे दाबून ठेवलं तं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"तुम्ही दाबलंत की इथला स्पीकर बंद होतो काकू. ते तिकडे कितीही बोलले तरी इथे काही ऐकू येत नाही. त्यांना नुसतं ऐकत बसावं लागतं."

"किती वेळ?"

"तुम्ही दाबून धराल तितका वेळ."

काकूंनी पाट ओढला आणि नीट मांडी घालून खाली बसल्या.

त्या दिवशी त्या अकरा मिनिटं बोलल्या. मी घड्याळ बघत होते. काका मेथी घेऊन आले तेव्हा घरात परत तोच अबोला, पण जेवताना दोघांचेही चेहरे धुतल्यासारखे दिसत होते. मग तो नेमच झाला. काका रोज सकाळ-संध्याकाळ काहीतरी निमित्त काढून गाडी बाहेर काढत, कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली लावत आणि हाक देत. घरापासून तिथवर चालत दोन मिनिटं लागतात. घरी यायचं, गप्प जेवायचं आणि बोलायचं झालं की गाडी काढायची. कॉलनीतले लोक विचारत, "काका, इथं कावून बसले?" काका माईककडे बोट दाखवून कुजबुजत, "मुख्यालय बोलून राहिलं."

हे असंच चालू राहिलं असतं. पण कॉलनीतल्या पहाटे फिरणाऱ्या मंडळींनी चालण्याची शर्यत काढली.

शर्यत ज्येष्ठांची, तीन किलोमीटरची. धावायचं नाही, फक्त भरभर चालायचं. बायका-पुरुष एकत्र. काकांनी लगेच पायलट गाडीची जबाबदारी घेतली. गाडी सगळ्यांच्या पुढे चालणार, काका रेडिओवरून घरी कळवणार की पहिला माणूस कुठे पोचला, आणि काकू वेळ लिहून ठेवणार. शिवाय गाडीच्या नाकात भोंगा बसवायचा, म्हणजे काकांना माईकवरून "बाजूला व्हा, बाजूला व्हा" अशा सूचना देता येतील.

भोंगा त्यांनी आदल्या संध्याकाळी बसवला. संचाच्या पाठीमागे दोन भोकं असतात, अगदी शेजारी शेजारी आणि दिसायला सारखी. एकात भोंगा लावला तर त्यातून माईकवर बोलणाऱ्याचा आवाज येतो. दुसऱ्यात लावला तर रेडिओवर पलीकडून बोलणाऱ्याचा. काकांनी भोंग्याची वायर खोचली, भोंगा खर्रर्र वाजला आणि ते खूश झाले. "आला आवाज!" म्हणून बॉनेट बंद केलं. कोणता आवाज आला, ते त्यांनी बघितलं नाही.

सकाळी सातला शर्यत सुटली. मी स्वयंसेवक होते. गळ्यात शिट्टी, हातात ग्लुकोजचं पाणी, गाडीच्या मागे पायी. सगळ्यांत पुढे कॉलनीचे सेक्रेटरी होते. नवे बूट, कपाळाला घाम टिपायची पट्टी. काकांनी धुळीसाठी काचा वर केल्या होत्या. पहिल्या वळणावर मी त्यांना माईकवर काहीतरी बोलताना बघितलं, आणि त्यानंतर गाडीच्या नाकातून, सगळ्या शर्यतीला ऐकू जाईल असा काकूंचा आवाज आला.

"लिवलं. पहिलं वळन, सात वाजून चार मिनिटं. आन् आता आईका. मी म्हन्ते, त्या सेक्रेटरीच्या भरोश्यावर राहू नका. तो रोज फिरते म्हन्ते न? तो काही फिरत नाही. दीड किलोमीटर चालते, गल्लीतून शॉर्टकट मारते आन् परत येऊन पहिला उभा राह्यते. मी गच्चीवरून रोज पाह्यते."

सेक्रेटरींच्या पावलांची लय बिघडली. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

भोंगा जोडला की संचाचा स्वतःचा स्पीकर बंद होतो, त्यामुळे गाडीत काकांना आवाज बारीक येत होता, बाहेरून, काचेतून. मी त्यांना बटण पिळताना बघितलं. त्यांना वाटलं संचाचा आवाज कमी आहे. त्यांनी तो वाढवला.

"आन् तुमी!" भोंगा गरजला. "दात घासता घासता रिपोर्ट देता. वरचे झाले, खालचे चालू आहे. कोनं विचारलं? चाळीस वर्षं झाली, माह्या वाक्याचा शेवट काय असते ते मले स्वतःले माहीत नाही. कावून? कधी तिथवर पोचूच देल्लं नाही!"

आता शर्यतीत एक गंमत सुरू झाली. पुढे असलेले लोक गाडीला चिकटून चालायला लागले, कारण लांब गेलं की कमी ऐकू येणार. मागे राहिलेल्या बायकांनी मात्र असा वेग घेतला की आयुष्यात घेतला नसेल. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या दोघी मला ओलांडून गेल्या. बघता बघता सगळी शर्यत गाडीच्या दोन्ही बाजूंनी गोळा झाली. "बरोबर आहे बाई!" एकजण चालता चालता म्हणाली. "आमच्या इथंबी सेम आहे."

मी धावत गाडीपाशी गेले आणि काचेवर टकटक केलं. काकांनी हातानंच खूण केली, थांब, मेसेज चालू आहे. मी परत टकटक केलं. भोंग्याकडे बोट दाखवलं, कानाकडे दाखवलं, सगळ्या लोकांकडे दाखवलं. शेवटी त्यांनी काच खाली केली.

काच खाली झाली आणि काकूंचा आवाज धाडकन गाडीत शिरला. काकांनी गाडी थांबवली. शर्यत थांबली. त्यांनी भोंग्याच्या दिशेनं बघितलं, मग भोवतालच्या साठ-सत्तर चेहऱ्यांकडे, मग माझ्याकडे. कानापासून मानेपर्यंत लाल झाले.

"काका, संच बंद करा," मी म्हटलं. "ते बटण फिरवा फक्त."

त्यांचा हात बटणावर गेला. त्याच वेळी काकूंचा आवाज जरा खाली आला. आता त्या भांडत नव्हत्या.

"गाडी माही आहे. नाव माहं आहे कागदावर. बावीस वर्षं सायकल मारली मी, तवा मनात म्हनो का एक दिवस आपली गाडी घ्याची आन् आपनच चालवाची. एक डाव तुमी मले स्टेअरिंगवर बसवलं. मी चाबी फिरवाच्या आंधी तुमी ब्रेक ब्रेक ब्रेक करून वरडले. मी उतरली, ते उतरलीच. मंग तुमी तिच्या डोक्शाले भोक पाडलं. मले भोकाचा राग नाही आला. विचारलं नाही, त्याचा आला. मले विचाराचं होतं न एकडाव."

कोणी हसलं नाही. सेक्रेटरींनी कपाळाची पट्टी काढून हातात घेतली.

"काका, बंद करा ना," मी परत म्हटलं.

"चालू मेसेज कापता येत नाही," काका म्हणाले. बटणावरून हात काढून त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि सगळ्या कॉलनीसमोर, मान खाली घालून, शेवटपर्यंत ऐकलं.

काकूंनी बटण सोडलं. खरखर. काकांनी माईक उचलला. त्यांचं उत्तर भोंग्यातून जाणार नव्हतं, फक्त घरी जाणार होतं. म्हणून ते काय बोलले ते कॉलनीला कधीच कळलं नाही. मी खिडकीपाशी होते, मला ऐकू आलं.

"मुख्यालय, मेसेज पूर्न मिळाला. चूक गरुडाची आहे. आज सतराशे वाजता मैदानावर गाडी आनतो. चाबी तुमच्यापाशी. ओव्हर."

शर्यतीत कोणी जिंकलं नाही. सगळे एका ओळीत आले, गाडीच्या बरोबर. बक्षिसाचा थर्मास कमिटीनं पुढच्या वर्षीसाठी ठेवून दिला, आणि पुढच्या वर्षी त्या गल्लीच्या तोंडाशी एक स्वयंसेवक उभा केला.

काकूंना हे सगळं कळलं ते बायका अभिनंदन करायला दारात आल्या तेव्हा. "किती आईकलं?" काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं. "पहिल्यापासून," मी म्हटलं. त्या आतल्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. मला वाटलं आता परत अबोला. दुपारी काका दोनदा दाराशी जाऊन आले, पण आवाज दिला नाही. पाच वाजता दार उघडलं. काकू शाळेत जायच्या तशी इस्त्रीची साडी नेसून बाहेर आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. काकांनी चाबी दिली.

शिकवायला मी बसले, कारण माझ्याकडे लायसन्स होतं आणि काका गाडीत नकोत यावर तिघांचंही एकमत होतं. काका घरी संचापाशी बसले. काकू गाडीत असल्या तरी मुख्यालय त्याच. "मुख्यालय, गिअर कोनता आहे? मुख्यालय, आरशात पाह्यलं काय?" अखंड चालू असायचं. गाडी चालवताना काकूंचे दोन्ही हात गुंतलेले, बटण कोण दाबणार? मी संच बंद करायला गेले तर त्यांनी अडवलं.

"राहू दे. बोलू दे त्याईले. जवाब द्यावा लागत नाही तं आईकाले चांगलं वाटते."

तीन महिन्यांत काकूंना लायसन्स मिळालं. मग एका रविवारी सकाळी त्या एकट्या राजनांदगावला बहिणीकडे निघाल्या. काका सोबत येतो म्हणाले नाहीत. म्हणायचं होतं, ते दिसत होतं. टण्ण आवाज झाला, गाडी फाटकाबाहेर पडली, आणि ते सैपाकघरात जाऊन बसले. काकू मधे मधे गाडी बाजूला घेऊन बोलत होत्या. दुर्ग आलं. दुर्ग गेलं. मग खरखरीतून तुटक आवाज आला, "शिवनाथचा पूल आला, आता आईकू येनार..." आणि पुढे नुसती खरखर.

मी दुपारी खाली आले तर काका तिथेच. ताट झाकलेलं तसंच. चार वाजता आले, तरी तिथेच.

"काका, फोन लावून बघा ना."

"ते गाडी चालवून राहिली असन. फोन उचलाले एक हात सुटन."

"मग निदान जेवून घ्या. इतक्यात काही ऐकू यायचं नाही."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "तीस-पस्तीस वर्षं हेच काम केलं न बेटा. खरखर आईकत बसनाऱ्याले लोक येडा समजतेत. पन तिकडून कोनी बोलन तवा इकडं कोनी पाहिजे का नाही?"

मी पण पाट घेऊन बसले. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. काका एकदाही बोलले नाहीत, मी त्यांना इतका वेळ गप्प कधी बघितलं नव्हतं. आणि मग खरखर फाटली.

"गरुड, पूल वलांडला. ताईबी संगं आहे. अर्ध्या घंट्यात पोचतो आमी. भूक लागली."

काका ताडकन उठले. त्यांनी कुठून तरी तांदळाचा डबा शोधून काढला, मला कशाला हात लावू दिला नाही. पाणी किती घालायचं ते अंदाजानं ठरवलं, मग शंका आली म्हणून अजून थोडं घातलं, मग अजून एक पेला.

भात म्हणजे पार चिखल झाला होता. वरण नव्हतंच, लोणच्याबरोबर खायचा होता. बहिणीनं चमच्यानं उचलून बघितला आणि परत ताटात ठेवला. काकूंनी दोनदा वाढून घेतला.